सुटलेल्या तारेबद्दलचं वाक्य

डॉ. शैला कोरे यांनी फ्रिजमधून रक्ताची एक पिशवी काढली आणि सरळ माझ्या हातात दिली.

"हात लावून सांग, किती अंश असेल."

पिशवी कोमट होती. फ्रिजच्या दारावरच्या छोट्या पडद्यावर मात्र हिरव्या आकड्यांत चार अंश दिसत होते. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, आम्ही बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्येही तेच चार अंश. रक्त दोन ते सहा अंशांत ठेवावं लागतं. तापमान त्यापलीकडे गेलं की आमच्या सॉफ्टवेअरने भोंगा वाजवायचा आणि रक्तपेढी सांभाळणाऱ्या कोरे मॅडमच्या फोनवर संदेश पाठवायचा. त्यासाठीच मिरजेच्या त्या रक्तपेढीने ते विकत घेतलं होतं. भोंगा वाजला नव्हता, संदेशही गेला नव्हता.

झालं होतं असं, की भिंतींना रंग द्यायचा म्हणून शनिवारी रंगाऱ्यांनी फ्रिज पुढे ओढला. ओढताना मागचा प्लग अर्धवट निघाला आणि आतल्या सेन्सरची तारही कंट्रोलरमधून सुटली. कंट्रोलर म्हणजे दारावरचा तो पडदा असलेला डबा. सेन्सरकडून तापमान घेऊन आमच्या सॉफ्टवेअरला कळवायचं हे त्याचं काम. फ्रिज बंद पडला. कंट्रोलर आपल्या बॅटरीवर चालूच राहिला आणि रविवारभर चार अंश, चार अंश म्हणत राहिला. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा आतलं सगळं रक्त वाया गेलं होतं.

बाहेरच्या बाकावर जतहून आलेली एक मुलगी वडिलांच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. थॅलेसेमियाची पेशंट. तिला दर महिन्याला रक्त लागायचं, आणि तिच्यासाठी राखून ठेवलेली पिशवी मी हातात धरून उभी होते.

"हे कुणी लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

आमच्या कंपनीचे मालक नरदे सर माझ्या शेजारी उभे होते. ते काही बोलायच्या आत माझा सहकारी झुबेर पुढे झाला.

"मी लिहिलंय, मॅडम."

"मग त्या पोरीच्या बापाला तूच जाऊन सांग."

झुबेर गेला. काचेतून मला दिसत होतं. तो वाकून त्या माणसाशी बोलला. माणूस चिडला नाही, ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, आता कुठं जाऊ. शेवटी मॅडमनीच फोनाफोनी करून त्यांना गाडीने कोल्हापूरला पाठवलं. संध्याकाळी तिला रक्त मिळालं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर काय वाटत होतं ते सांगत बसत नाही.

झुबेर मुजावर आणि मी कॉलेजपासूनचे सोबती. आई आजारी म्हणून तो पुण्यातली चांगली नोकरी सोडून मिरजेला आला, तेव्हा मीच त्याला आमच्याकडे आणलं होतं. आमची कंपनी म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. कंट्रोलर पुण्याची एक मोठी कंपनी बनवायची, आम्ही त्यावर चालणारं सॉफ्टवेअर लिहून दवाखान्यांना द्यायचो. कंट्रोलर कधी काय कळवतो, हे सगळं त्या कंपनीने आपल्या वेबसाइटवर डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवलेलं होतं. आमच्यासारख्या डेव्हलपरना तेच प्रमाण. डब्याच्या आत डोकावून बघायची सोय नसते.

परत येताना गाडीतच नरदे सरांनी झुबेरला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. झुबेरने फोनवर डॉक्युमेंटेशनचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: सेन्सरची तार तुटल्यास किंवा सुटल्यास कंट्रोलर त्रुटी कळवतो. झुबेरने तसंच लिहिलं होतं. त्रुटी आली की भोंगा. पण त्रुटी आलीच नव्हती.

"एकदा तार उपटून बघायची होतीस," सर म्हणाले.

"दोनदा मागितला होता तुमच्याकडं कंट्रोलर. आलेला एकुलता एक तुम्ही परस्पर रक्तपेढीत बसवलात."

सरांनी फोन बाजूला सारला. मग म्हणाले, "मॅडमना काहीतरी करून दाखवायला लागणार. तू राहिलास तर काम जातंय. बाकीच्यांच्या पोटावर पाय नको."

झुबेर पुढच्या चौकात उतरला. मीही उतरणार होते. त्यानेच हाताने नको म्हणून खुणावलं.

रक्तपेढीने तो कंट्रोलर काढून आमच्याकडे परत पाठवला. मी बर्फाच्या पाण्यात सेन्सर सोडला, आकडा खाली आला, आणि तार उपटली. आकडा जागचा हलला नाही. त्रुटी नाही, काही नाही. पाणी बदलून गरम घातलं, तरी डबा आपला मघाचंच तापमान दाखवत बसला. परत जोडली, परत उपटली. दर वेळी तेच. तार सुटली की हा डबा गप्पही बसत नव्हता, खोटं बोलत होता. आणि पानावर लिहिलं होतं की तो खरं बोलेल. माझं डोकं इतकं तापलं की मी समोरचा ग्लास आपटून फोडला. काचा वेचताना बोट कापलं आणि अजूनच राग आला.

त्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: इथे काही चुकलं आहे असं वाटतं? आम्हाला कळवा. मी कळवलं. काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, सगळं क्रमाने लिहिलं, व्हिडिओ जोडला. रक्तपेढीत काय घडलं तेही लिहिलं. आभार मानणारं यांत्रिक उत्तर लगेच आलं. आठवड्याने माझी विनंती बंद झाली. कारण दिलं होतं: उपकरण अपेक्षेप्रमाणे काम करते.

अपेक्षेप्रमाणे. कुणाच्या अपेक्षेप्रमाणे, असं मी खाली विचारलं. उत्तर आलं नाही.

दुसरा एक मार्ग होता. त्यांचं सगळं डॉक्युमेंटेशन उघड्यावर ठेवलेलं होतं. कुणीही त्याची आपल्यापुरती प्रत काढावी, चुकीची ओळ दुरुस्त करावी आणि 'ही दुरुस्ती घ्या' म्हणून परत पाठवावी. त्यांच्याकडचं कुणीतरी ती तपासणार, पटली तर एक बटण दाबून स्वीकारणार, की पान सगळ्यांसाठी बदललं. कंपनी याची जाहिरातही करायची. मी ते वाक्य खोडून नवीन लिहिलं: सेन्सरची तार सुटल्यास कंट्रोलर त्रुटी कळवत नाही, शेवटचं तापमानच दाखवत राहतो. त्यावर विसंबू नये.

त्याच दुपारी त्यावर शेरा पडला: तपासले, बरोबर आहे. खाली नाव होतं चारुलता आपटे. मी खुर्चीतून उठून झुबेरला फोन लावला. तो म्हणाला, "बघू. अजून घेतलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेरा गेलेला होता आणि माझी दुरुस्ती बंद केलेली होती. या वेळी कारणसुद्धा दिलं नव्हतं. खाली काही लिहायची सोयही काढून टाकली होती. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. हो म्हणून तोंड फिरवणं मला सहन होईना.

पुढच्या महिन्यात त्या कंपनीचा डेव्हलपरांसाठी पुण्यात मेळावा होता. नरदे सरांनी जाऊ नकोस म्हटलं. त्या लोकांशी वाकडं घेऊन आपल्याला परवडायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. मी रजा टाकून गेले.

मोठ्या हॉटेलातला हॉल, गळ्यात पट्टे, प्रत्येक खुर्चीवर कापडी पिशवी. व्यासपीठावर रणदिवे नावाचे उपाध्यक्ष बोलत होते. गोड बोलायचे. डॉक्युमेंटेशन आमचं नाही, तुमचं आहे, असं ते म्हणाले. तुम्हाला एक शब्द जरी खटकला तरी कळवा, स्वतः दुरुस्त करून पाठवा, आम्ही वाट बघतोय. टाळ्या पडल्या. प्रश्नांची वेळ आली तशी मी हात वर केला.

"मी कळवलं, ते बंद केलंत. दुरुस्ती पाठवली, तुमच्या माणसाने बरोबर म्हटलं आणि तीही बंद केलीत. का?"

रणदिवेंनी माझं नाव, गाव विचारून घेतलं. मिरज म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हे मी शपथेवर सांगेन. ते म्हणाले, एकेका विनंतीबद्दल इथे बोलणं इतरांवर अन्याय होईल, आमची टीम तुमच्याशी संपर्क साधेल. माईक पुढच्या माणसाकडे गेला.

चहाच्या वेळी पन्नाशीच्या एक बाई माझ्याजवळ आल्या. सुती साडी, गळ्यात कंपनीचा पट्टा.

"तुम्ही अस्मिता मगदूम ना? मी चारुलता आपटे."

मी हातातला कप खाली ठेवला. काय बोलणार होते आठवत नाही, पण चांगलं काही बोलणार नव्हते. त्यांनी ते ओळखलं आणि मला खिडकीकडे नेलं. त्या कंपनीत डॉक्युमेंटेशन लिहायचं आणि तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. तार सुटल्यावर डबा जुनाच आकडा दाखवतो, हे त्यांना माझ्या आधीच कळलं होतं. आदल्या वर्षी नव्या बनावटीची चाचणी घेताना एका इंजिनिअरने सांगितलं, तेव्हाच त्यांनी ते वाक्य बदलायला घेतलं होतं.

"मग का नाही बदललंत?"

"आमच्या वकिलांनी अडवलं. आता वाक्य बदललं तर आधी चुकीचं होतं असं होतं, म्हणाले. तेवढ्या काळात हजारो कंट्रोलर विकले गेलेत. कुठं काही झालं असेल तर जबाबदारी आपल्यावर येते. वाक्य तसंच राहिलं तर ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्याने तपासून बघायला हवं होतं, असं म्हणता येतं."

"आणि माझी विनंती आली तेव्हा? रक्तपेढीचं वाचलंत ना तुम्ही?"

"वाचलं. म्हणून तर शेरा मारला. संध्याकाळी बोलावून घेतलं मला." त्या खाली बघत होत्या. "मुलीचं शेवटचं वर्ष आहे हो कॉलेजचं."

मला त्यांची कीव आली नाही. नंतर आली, त्या क्षणी नाही. मला झुबेर दिसत होता, काचेपलीकडे त्या माणसापुढे वाकलेला. या लोकांना माहीत होतं. वाक्य खोटं आहे हे माहीत असून त्यांनी ते तसंच ठेवलं होतं, आणि तसंच का ठेवलं, तर उद्या कुठे काही झालं तर झुबेरसारखा कुणीतरी सापडावा म्हणून.

हॉलच्या दाराशी त्यांनी नमुन्यासाठी काचेचा छोटा फ्रिज मांडला होता. आत बाटल्या, दारावर तोच कंट्रोलर, हिरवे चार अंश. मी चहाचा भरलेला कप उचलून तिकडे गेले. फ्रिज उघडून सेन्सर बाहेर ओढला, त्याची तार कंट्रोलरमधून खेचून काढली आणि सेन्सर चहात टाकला. तिथे उभा असलेला कंपनीच्या गणवेशातला माणूस "मॅडम, मॅडम" करत धावला. मी त्याला तिथेच थांब म्हटलं. आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण आजूबाजूची माणसं वळली.

"हा चहा चार अंशांचा आहे," मी म्हणाले. "बघा. तुमचा डबा सांगतोय."

लोक जवळ आले. कुणी सुटलेलं टोक हातात घेऊन बघितलं, कुणी पडद्यावर बोट टेकवलं. आकडा हिरवाच होता. नागपूरच्या एकाने विचारलं की त्रुटी यायला किती वेळ लागतो. मी म्हटलं, आमच्याकडे अख्खा रविवार गेला, आली नाही. त्याचा चेहरा उतरला. त्याच्या सॉफ्टवेअरवर लहान मुलांच्या लशींचे फ्रिज चालत होते. तो तिथल्या तिथे कुणाला तरी फोन लावून सांगायला लागला, आत्ता जा आणि प्रत्येक फ्रिज उघडून हात लावून बघ. सोलापूरची एक मुलगी इन्सुलिनच्या साठ्याचं काम करायची. ती बॅग उचलून बाहेरच पळाली.

एवढ्यात रणदिवे आले. गर्दी बघून त्यांचा गोडवा राहिला नाही. मला बाजूला घ्यायला बघत होते. मी जागची हलले नाही. तुमच्या कंपनीला आपण भागीदार करून घेऊ, बसून बोलू, असं ते खालच्या आवाजात म्हणाले.

"ते वाक्य बदला," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

"त्याची एक प्रक्रिया असते."

"सकाळी तुम्हीच सांगितलीत ती प्रक्रिया. मी सगळी केलीये."

त्याच वेळी मागे कुणीतरी लॅपटॉप उघडल्याचा आवाज झाला. चारुलताबाई. चहाच्या टेबलावरच्या बशा सरकवून त्यांनी जागा केली होती. माझी बंद केलेली दुरुस्ती त्यांनी परत उघडली, चष्मा सारखा करून ते वाक्य एकदा वाचलं आणि बटण दाबलं. माझ्या फोनवर खूण वाजली. मग नागपूरवाल्याच्या. मग तिथल्या पुष्कळांच्या, कारण पान बदललं की कळावं म्हणून डेव्हलपर नाव नोंदवून ठेवतात.

"चारुलता, तुम्हाला हा अधिकार नव्हता," रणदिवे म्हणाले.

"अधिकार होता. परवानगी नव्हती," त्या म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटला.

ते वाक्य परत बदलायची कंपनीची हिंमत झाली नाही. इतक्यांनी पाहिलेलं वाक्य मागे घेतलं असतं तर त्याचाच गाजावाजा झाला असता. मात्र चारुलताबाईंची नोकरी त्याच आठवड्यात गेली. मी फोन केला तेव्हा त्यांनी मला क्षमा मागू दिली नाही. तुमच्यामुळे गेली नाही, असं तुटकपणे म्हणाल्या, आणि विषय बदलून झुबेरचं काय झालं ते विचारलं.

झुबेरचं काही झालं नव्हतं. मी नरदे सरांपुढे बदललेलं पान छापून ठेवलं आणि म्हटलं, आता त्याला परत बोलवा, आणि कोरे मॅडमना जाऊन सांगा की चूक त्याची नव्हती. बोलवायला ते तयार होते. मॅडमना सांगायला मात्र तयार नव्हते. मिटलेलं कशाला उकरून काढायचं, म्हणाले. मग खरं बोलले. मॅडम विचारतील, चाचणी का नाही घेतली. मग कंट्रोलर दिला नव्हता हे निघेल.

ऐकून मला हसू आलं. इथेही तेच, खरं बोललं की जबाबदारी आपल्यावर येते. रणदिवे निदान मोठ्या हॉटेलात बोलले होते. मी त्याच कागदावर, त्याच पानाच्या पाठीवर, राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला.

झुबेरला सांगितलं तर त्याला ना माझ्या राजीनाम्याचं कौतुक, ना पुण्याच्या पराक्रमाचं. मला वाटलं होतं, तो खूश होईल. तेव्हा कुठे मला कळलं की घरी बसून तो काय सोसत होता. त्या सोमवारी कोरे मॅडमनी जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांच्या आणि दवाखान्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश टाकला होता. झुबेर मुजावर या माणसाच्या निष्काळजीपणामुळे असं असं झालं, सावध राहा. नाव, आडनाव, सगळं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तो दोन ठिकाणी कामासाठी गेला आणि दोन्हीकडे त्यांनी तो संदेश त्याला दाखवला. एकाने वर असंही म्हटलं, की तुमच्या लोकांना रक्ताचं काही नसतं. हे त्याने मला इतके दिवस सांगितलं नव्हतं.

"चल," मी म्हणाले.

"कुठं?"

"मॅडमकडं."

तो यायला तयार नव्हता. मी ओढून नेलं म्हटलं तरी चालेल. रक्तपेढीत मॅडम आपल्या खोलीत होत्या. त्याला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी काही प्रस्तावना केली नाही. जुनं वाक्य दाखवलं, नवीन दाखवलं, चारुलताबाईंनी सांगितलेलं सांगितलं. कंट्रोलर मागितला होता आणि मिळाला नव्हता, तेही सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी झुबेरला विचारलं, "त्या दिवशी हे का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं होतं, कुणी लिहिलं. मीच लिहिलं होतं."

त्या म्हणाल्या, "त्याच ग्रुपवर परत टाकते." फोन घेऊन, चष्मा वर करून, एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं आणि पाठवायच्या आधी फोन झुबेरपुढे केला. मीही वाकून वाचलं. मागच्या संदेशात श्री. मुजावर यांच्याबद्दल गैरसमज झाला होता, तो दूर झाला आहे, असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, चांगलं आहे. मी मान हलवणार होते.

झुबेरने दोनदा वाचलं.

"गैरसमज झाला होता, असं नको मॅडम," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मी चुकीचं लिहिलं होतं, असं तुमच्या नावानं लिहा. आणि मागच्या संदेशात माझं पूर्ण नाव होतं, ह्यातही पूर्ण घाला."

एवढ्या मोठ्या डॉक्टर, अख्खं गाव त्यांना उठून नमस्कार करायचं. त्यांनी झुबेरकडे पाहिलं, मग फोनकडे. मग सगळं खोडलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.